भ्रमणध्वनी-अनुप्रयोगांची शासकीय पडताळणी

भ्रमणध्वनीवर चालणारी एखादी आज्ञावली, जिला व्यवहारात ॲप म्हणतात, मोठ्या शासकीय संस्थेने आपल्या कर्मचाऱ्यांच्या हाती देण्यापूर्वी ती सुरक्षित, विश्वासार्ह व त्या संस्थेच्या कामास योग्य आहे किंवा नाही हे पद्धतशीरपणे तपासून तिच्या स्वीकाराचा वा नकाराचा निर्णय घेण्याच्या प्रक्रियेस ॲपची पडताळणी म्हणतात. या व्याख्येत परीक्षण आणि निर्णय अशा दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. परीक्षण साधनांकडून वा बाहेरच्या प्रयोगशाळेकडून करवून घेता येते. निर्णय मात्र संस्थेलाच घ्यावा लागतो. या दोहोंतील भेद स्पष्टपणे मांडला जाण्यास सु. ४५ वर्षे लागली आणि पडताळणीचा इतिहास हा बऱ्याच अंशी त्या भेदाचा इतिहास होय.

शासनाने बाहेरून घेतलेल्या संगणकीय साधनावर कितपत विश्वास ठेवावा, हा प्रश्न भ्रमणध्वनीच्या कितीतरी आधीचा आहे. एकच मोठा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धत १९६० नंतरच्या दशकात रूढ झाली, तेव्हा अमेरिकेच्या संरक्षण खात्यापुढे तो प्रथम उभा राहिला. गोपनीय कागद हाताळण्याचा अधिकार असलेला अधिकारी आणि तो नसलेला कारकून एकाच यंत्रावर काम करू लागले. विलिस वेअर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या गटाने १९७० मध्ये याविषयी अहवाल दिला. १९७२ मध्ये अमेरिकेच्या वायुदलासाठी जेम्स अँडरसन यांनी केलेल्या अभ्यासात, प्रणाली फोडून पाहावयाची व सापडेल त्या भोकाला ठिगळ लावावयाचे या पद्धतीतील फोलपणा दाखविण्यात आला. भोक सापडले नाही, एवढ्यावरून भोक नाही असे सिद्ध होत नाही, हे त्यांचे म्हणणे आजच्या ॲपलाही जसेच्या तसे लागू पडते.

पॉल कार्गर व रॉजर शेल यांनी १९७४ मध्ये मल्टिक्स या त्या काळी विशेष सुरक्षित समजल्या जाणाऱ्या प्रणालीची परीक्षा केली. प्रणालीत चोरदरवाजा बसविता येतो हे तर त्यांनी दाखविलेच. शिवाय माणसाने लिहिलेल्या संहितेचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या भाषांतरकातच तो लपविला, तर मूळ संहिता वाचून तो सापडणार नाही, अशी शक्यताही त्यांनी नोंदविली. केन टॉम्पसन यांनी ट्यूरिंग पारितोषिकाच्या निमित्ताने केलेल्या व १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भाषणात ही कल्पना पुढे नेली. भाषांतरक एकदा बिघडविला की तो स्वतःच्या नव्या प्रतीतही तोच बिघाड उतरवू शकतो आणि मूळ संहितेत त्याची काहीच खूण उरत नाही, हे त्यांनी उलगडून दाखविले. त्या वेळी हा एक बौद्धिक चमत्कार वाटला असल्यास नवल नाही. तो व्यवहारात उतरण्यास ३१ वर्षे लागली. त्याचा निर्देश पुढे येईल.

या विचारमंथनातून १९८३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने विश्वासार्ह संगणक प्रणालींच्या मूल्यमापनाचे निकष प्रसिद्ध केले. मुखपृष्ठाच्या रंगावरून ते ‘नारिंगी पुस्तक’ या नावाने ओळखले जातात. त्यांची सुधारित आवृत्ती १९८५ मध्ये निघाली. त्यांत ‘डी’ पासून ‘ए१’ पर्यंत चढत्या श्रेणी होत्या. हनीवेल कंपनीच्या स्कॉम्प या प्रणालीस १९८४ मध्ये सर्वांत वरची ‘ए१’ श्रेणी मिळाली. ही पद्धत कसोशीची होती. तथापि ती अतिशय मंद होती. एका प्रणालीचे मूल्यमापन पुरे होण्यास वर्षे लागत आणि प्रमाणपत्र हाती येईपर्यंत निर्मात्याची पुढची आवृत्ती बाजारात आलेली असे. यूरोपीय देशांनी आपले वेगळे निकष केले आणि पुढे या सर्वांचा मेळ घालून ‘समान निकष’ तयार झाले. १९९९ मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. प्रमाणपत्र देणारे राष्ट्र म्हणून भारताचा या व्यवस्थेत २०१३ मध्ये समावेश झाला. परंतु या सर्व प्रयत्नांमागे एक गृहीत होते : शासन थोडीच साधने घेईल, ती महाग असतील आणि ती पुष्कळ वर्षे वापरली जातील.

ते गृहीत २००८ मध्ये कोसळले. त्या वर्षी जुलैत ॲपल कंपनीने ५०० ॲप घेऊन आपले विक्रीदालन उघडले आणि ऑक्टोबरात अँड्रॉइडचेही दालन सुरू झाले. ॲप आता फुकट किंवा चहाच्या किमतीत मिळू लागले, एकट्या माणसाने घरी बसून लिहिले जाऊ लागले आणि महिन्याला बदलू लागले. दुसरीकडे, ज्या यंत्रावर ते चालते त्यास कान, डोळा व दिशाज्ञान होते. जुन्या कार्यालयीन संगणकास आपण कोठे आहोत हे ठाऊक नव्हते. खिशातील भ्रमणध्वनीस ते क्षणोक्षणी ठाऊक असते. ध्वनिग्राहक, छायाचित्रक, परिचितांची यादी, संदेश आणि ठिकाण या सर्वांपर्यंत ॲपला परवानगीने पोहोचता येते. ही परवानगी वापरणारा बहुधा न वाचताच देतो. एका माणसाने असे केले तर नुकसान त्याच्यापुरते राहते; लाखभर कर्मचाऱ्यांच्या खात्याने एकच सदोष ॲप स्वीकारले, तर तोच दोष लाखभर खिशांत एकाच दिवशी जाऊन बसतो.

विक्रीदालनाने तपासून घेतलेले ॲप शासनाने पुन्हा कशाला तपासावे, असा युक्तिवाद प्रारंभी केला जाई. २०११ हे वर्ष त्याचे उत्तर ठरले. मार्चमध्ये अँड्रॉइडच्या दालनातील पन्नासहून अधिक ॲपमध्ये ‘ड्रॉइडड्रीम’ नावाची घातक आज्ञावली आढळली आणि गूगल कंपनीला ती ग्राहकांच्या यंत्रांवरून दूरनियंत्रणाने पुसून काढावी लागली. ॲपलचे दालन प्रत्येक ॲप आधी तपासून घेत असे; तरीही नोव्हेंबरात चार्ली मिलर या संशोधकाने, मंजूर झाल्यानंतर बाहेरून नवी संहिता ओढून घेणारे ॲप त्या तपासणीतून पार करून दाखविले. कंपनीने त्यास आपल्या विकसकांच्या यादीतून काढून टाकले. दालनाची तपासणी ही दालनाच्या गरजेपुरती असते. ग्राहकाने चिडू नये हे दुकानदाराला पाहावयाचे असते. सैनिकाचा ठावठिकाणा फुटू नये हे पाहण्याची जबाबदारी त्याची नसते.

ही जबाबदारी प्रत्यक्षात कशी पार पाडावी, याचा पहिला मोठा प्रयोग युद्धभूमीवर झाला. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधनसंस्थेने अफगाणिस्तानातील सैनिकांसाठी भ्रमणध्वनी व त्यांवरील नकाशे आदी ॲप पुरविण्याचा कार्यक्रम हाती घेतला. बाजारात मिळणारे साधे भ्रमणध्वनीच त्यासाठी वापरावयाचे होते. ॲप तपासण्याच्या कामी राष्ट्रीय मानके व तंत्रविद्या संस्था (निस्ट) आणि जॉर्ज मेसन विद्यापीठ येथील संशोधकांनी भाग घेतला. त्यांनी केवळ घातक संहिता शोधली नाही. ॲप विद्युत् घटातील शक्ती किती खाते, हेही मोजले. कार्यालयात ही बाब गैरसोयीची ठरेल, गस्तीवर मात्र ती प्राणाशी निगडित आहे. ‘सुरक्षित’ आणि ‘योग्य’ हे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहीत, हे या कामात ठळकपणे पुढे आले.

याच अनुभवाच्या पार्श्वभूमीवर निस्टने जानेवारी २०१५ मध्ये भ्रमणध्वनीवरील ॲपच्या पडताळणीविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. ८००-१६३ या क्रमांकाने ती ओळखली जाते आणि या विषयातील ती आधारभूत कृती होय. तिने पडताळणीचे दोन भाग केले : परीक्षण आणि मान्यता वा नकार. ॲप आले की प्रशासक ते परीक्षण करणाऱ्या साधनांकडे वा सेवांकडे पाठवितो. त्यांचे अहवाल लेखापरीक्षकासारखे काम करणारी व्यक्ती वाचते, संस्थेच्या गरजांशी ताडून पाहते व शिफारस करते. अखेरचा निर्णय मान्यता देणारा वरिष्ठ अधिकारी घेतो. ही कामे निरनिराळ्या हातांत ठेवण्यात शहाणपण आहे. परीक्षकाला दोष दिसतो, पण खात्याला ते ॲप किती निकडीचे आहे हे त्याला दिसत नाही. खातेप्रमुखाला निकड दिसते, पण दोषाचे गांभीर्य कळत नाही.

परीक्षणाच्या दोन प्रमुख रीती आहेत. स्थिर विश्लेषणात ॲप न चालविता त्याची संहिता तपासतात. बाहेरच्या विकसकाकडून घेतलेल्या ॲपची मूळ संहिता बहुधा मिळत नाही. मग यंत्रावर उतरणारे तिचे रूप उलगडून पाहावे लागते. अँड्रॉइडच्या ॲपबाबत हे पुष्कळसे साधते. ॲपलच्या बाबतीत ते बरेच अवघड जाते. चल विश्लेषणात ॲप प्रत्यक्ष यंत्रावर अथवा त्याच्या संगणकीय प्रतिकृतीवर चालवून ते काय करते, कोणाशी संपर्क साधते, काय पाठविते यांवर नजर ठेवतात. येथेही फसगत होऊ शकते. आपण प्रतिकृतीवर चालत आहोत हे ओळखून तेवढ्यापुरते सभ्यपणे वागणारी ॲप आढळली आहेत. साधने निर्दोष जागी दोष दाखवितात आणि खरा दोष नजरेआड करतात. शिवाय प्रत्येक साधनाची गांभीर्य मोजण्याची पट्टी वेगळी असते. म्हणून एकाच साधनावर विसंबू नये, असे मार्गदर्शिकेत सांगितले आहे. अँडरसन यांनी १९७२ मध्ये दाखविलेली मर्यादा येथे व्यवहारनियम होऊन आली.

मार्गदर्शिकेचा विशेष मात्र तिच्या दुसऱ्या भागात आहे. साधनाला ज्यांचे उत्तर देताच येत नाही असे प्रश्न तिने संस्थेपुढे ठेवले. ॲप कोणी लिहिले व ते कोठून आले? त्यातून जाणारी माहिती किती नाजूक आहे? ते बंद पडले तर कोणते काम अडेल? ते कोण वापरणार, कोणत्या यंत्रावर आणि कोणत्या परिस्थितीत? एकच ॲप एका खात्याने स्वीकारावे आणि दुसऱ्याने नाकारावे, आणि दोघांचेही बरोबर असावे, हे यामुळे शक्य झाले. ‘नारिंगी पुस्तका’च्या श्रेणीव्यवस्थेत असे घडण्यास जागा नव्हती, तेथे श्रेणी वस्तूला मिळे. आता निर्णय वस्तू व तिचा वापर या जोडीविषयी होऊ लागला.

पुढील घटनांनी हे प्रश्न किती नेमके होते ते दाखविले. स्ट्राव्हा हे धावपटूंचे ॲप आहे. त्याच्या वापरकर्त्यांनी कोठे कोठे धाव घेतली याचा जागतिक नकाशा कंपनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. निर्जन प्रदेशांत त्यावर उजळ रेघा उमटल्या होत्या. त्या लष्करी तळांभोवती व्यायाम करणाऱ्या सैनिकांच्या होत्या, हे जानेवारी २०१८ मध्ये एका विद्यार्थ्याच्या लक्षात आले. ॲपमध्ये दोष नव्हता. ते जे करण्यासाठी लिहिले होते तेच त्याने केले. परीक्षणाच्या कोणत्याही साधनाने त्यास निर्दोष ठरविले असते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने मोहिमेच्या प्रदेशांत ठिकाण नोंदविणाऱ्या सुविधांच्या वापरास बंदी केली.

ॲप कोणी लिहिले, हा प्रश्न तर वरवर पाहता सोपा वाटतो. सप्टेंबर २०१५ मध्ये ॲपलच्या दालनातील अनेक ॲपमध्ये घातक संहिता आढळली. चीनमधील अत्यंत लोकप्रिय वीचॅटची एक आवृत्तीही त्यांत होती. विकसक प्रामाणिक होते. ॲप तयार करण्याचे अधिकृत साधन उतरवून घेण्यास वेळ लागे, म्हणून त्यांनी ते जवळच्या अनधिकृत ठिकाणाहून घेतले आणि ते साधनच बिघडविलेले होते. टॉम्पसन यांनी वर्णिलेला धोका, जरी अधिक ओबडधोबड रूपात, सामान्य बाजारात उतरला होता. दुसरे उदाहरण सूचना पाठविण्याची सुविधा पुरविणाऱ्या पुशवूश या कंपनीच्या संहितेचे आहे. आजचे ॲप पुष्कळदा इतरांनी तयार केलेल्या घटकांची जुळणी असते. स्वतःस अमेरिकन म्हणविणारी ही कंपनी रशियातील नोव्होसिबिर्स्क येथून चालते, असे रॉयटर्स वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२२ मध्ये उघड केले. अमेरिकेच्या एका प्रमुख लष्करी प्रशिक्षण तळावर वापरल्या जाणाऱ्या ॲपमध्ये आणि रोगनियंत्रण केंद्राच्या ॲपमध्ये तिची संहिता होती. लष्कराने ते ॲप मार्चमध्येच काढून टाकले होते. केंद्राने बातमीनंतर ती संहिता काढली. माहितीचा गैरवापर झाल्याचा पुरावा आढळला नाही. तथापि, आपल्या ॲपमध्ये कोणाकोणाची संहिता आहे, हे घेणाऱ्याला ठाऊक नव्हते.

भारतात शासकीय संकेतस्थळे व ॲप यांच्या सुरक्षा-परीक्षणाचे काम प्रामुख्याने सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या नामिकेवरील परीक्षकांमार्फत होते; मानकीकरण, परीक्षण व गुणवत्ता प्रमाणन संचालनालयही या क्षेत्रात कार्य करते. जून २०२३ मध्ये सर्ट-इनने शासकीय संस्थांसाठी माहिती-सुरक्षेची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ऑक्टोबर २०२० मध्ये भारतीय सेनेने ‘साई’ हे स्वतःचे संदेशवहनाचे ॲप जाहीर केले, तेव्हा नामिकेवरील परीक्षक व सेनेचा सायबर गट अशा दोघांनी ते पडताळल्याचे शासनाने मुद्दाम सांगितले. पडताळणी ही जाहीर करण्याजोगी गोष्ट झाली, हे त्या निवेदनाचे महत्त्व.

याच्या उलट क्रम आरोग्य सेतूच्या बाबतीत दिसला. कोविड-१९ च्या साथीत रुग्णाच्या संपर्कात आलेल्यांचा माग काढण्यासाठी हे ॲप २ एप्रिल २०२० रोजी आले. केंद्रीय गृहमंत्रालयाने १ मे रोजी शासकीय व खाजगी अशा सर्व कर्मचाऱ्यांना ते सक्तीचे केले. १७ मे रोजी ही सक्ती शिथिल करून मालकांनी शक्य तेवढा प्रयत्न करावा एवढेच सांगण्यात आले आणि अँड्रॉइडवरील आवृत्तीची स्रोत-संहिता २६ मे रोजी सर्वांस खुली करण्याचे जाहीर झाले. साथीची निकड ध्यानात घेऊनही म्हणावे लागते, की संहिता आधी आणि सक्ती नंतर असा क्रम ठेवला असता, तर ॲपविषयी माजलेल्या संशयापैकी पुष्कळसा उद्भवलाच नसता. सक्तीने बसविलेल्या ॲपला नाकारण्याचा मार्ग वापरणाऱ्याला नसतो. म्हणून ते पडताळण्याचे कर्तव्य अधिक कठोर होते.

महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांचा अनुभव सुरक्षेशी संबंधित नाही आणि म्हणूनच तो येथे नोंदविण्याजोगा आहे. केंद्र शासनाने मार्च २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ हे ॲप आणले. सेविकांना पूर्वी दिलेल्या भ्रमणध्वनींची स्मृती तोकडी होती; ॲप त्यांवर नीट चालेना, यंत्रे तापत व अडकत. माहिती इंग्रजीत भरावी लागे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या सेविकांनी ते भ्रमणध्वनी शासनास परत केले आणि ॲप मराठीत असावे हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. कोण वापरणार आणि कोणत्या यंत्रावर, हे निस्टच्या यादीतील प्रश्न साधे दिसतात. पोरांची वजने वहीत बिनचूक लिहिणाऱ्या बाईला ती यंत्रात भरता येऊ नयेत, यात उणीव तिची नव्हती. परीक्षणाच्या अहवालात भाषा व स्मृती यांचे रकाने नसतील, तर ते घालणे हे मान्यता देणाऱ्याचे काम आहे.

पडताळणी व बंदी यांची अनेकदा गल्लत केली जाते. भारत शासनाने २९ जून २०२० रोजी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ६९अ या कलमान्वये टिकटॉकसह ५९ ॲपना मज्जाव केला. पुढच्याच महिन्यात सेनेने जवानांना ८९ ॲप काढून टाकण्यास सांगितले. अमेरिकेत शासकीय यंत्रांवर टिकटॉकला मनाई करणारा कायदा डिसेंबर २०२२ मध्ये झाला व फेब्रुवारी २०२३ मध्ये खात्यांना त्यासाठी ३० दिवसांची मुदत देण्यात आली. यूरोपीय आयोगानेही त्याच महिन्यात आपल्या कर्मचाऱ्यांसाठी तसाच निर्णय घेतला. बंदी मुख्यतः मालक कोण हे पाहते. पडताळणी ॲप काय करते व कोणासाठी करते हे पाहते. बंदीचा निर्णय राजकीय असू शकतो व तो योग्यही असू शकतो. परंतु यादीत नसलेले प्रत्येक ॲप चालेल, असा अर्थ खालच्या कार्यालयांत हळूहळू रुजतो, हा तिचा तोटा आहे.

मान्यता मिळाल्यावर ॲप स्थिर राहात नाही. परीक्षण एका दिवशीच्या एका आवृत्तीचे असते आणि पुढची आवृत्ती रात्रीतून आपोआप उतरते. निस्टने एप्रिल २०१९ मध्ये मार्गदर्शिका सुधारली, तेव्हा पडताळणीची सांगड संस्थेच्या सर्व भ्रमणध्वनींचे मध्यवर्ती व्यवस्थापन करणाऱ्या प्रणालींशी घालण्यात आली. नव्या आवृत्तीचा वा नव्याने कळलेल्या दोषाचा परिणाम हातांतील यंत्रांपर्यंत पोहोचावा, हा त्यातील हेतू होता. मूळ ॲपचा लौकिक त्याच्या बदललेल्या रूपास लागू होत नाही, याचे उदाहरण २०२५ मध्ये घडले. सिग्नल हे संदेशवहनाचे ॲप त्याच्या कूटबद्धीकरणासाठी नावाजलेले आहे. शासकीय संदेशांच्या प्रती जतन करता याव्यात म्हणून टेलिमेसेज या कंपनीने त्याचे बदललेले रूप तयार केले होते आणि ते अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांच्या हाती असल्याचे छायाचित्र मेच्या प्रारंभी प्रसिद्ध झाले. संदेश पाठविणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंत बंद राहण्याऐवजी त्यांच्या प्रती मध्ये साठविल्या जात होत्या. काही दिवसांतच त्या साठ्यात बाहेरच्या व्यक्तीने प्रवेश मिळविला. अमेरिकेच्या सीमाशुल्क व सीमासंरक्षण खात्याने ते ॲप बंद केले आणि त्याच महिन्यात सायबर-सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेने त्यातील दोष प्रत्यक्ष गैरवापर झालेल्या दोषांच्या आपल्या सूचीत समाविष्ट केला.